मॅगझिनचा शोध

जुन्या पिस्तुलातलं सगळ्यात आधी काय हरवत असेल, तर काडतुसं भरायचं मॅगझिन. नळी झिजते, निळसर काळा रंग उडतो, मुठीवरच्या पट्ट्यांना चिरा जातात, पण हे सगळं जागच्या जागी तरी राहतं. मॅगझिन वेगळं निघावं म्हणूनच केलेलं असतं, त्यामुळे ते वेगळं पडतं. पिस्तूल लोखंडी कपाटात आणि मॅगझिन देवघराच्या खणात, असं वर्षानुवर्षं चालतं. मग घर बदलतं, वाटणी होते, म्हातारं माणूस जातं, आणि वारसाच्या हातात पिस्तूल येतं ते मॅगझिनशिवाय.

पाहायला गेलं तर ती पत्र्याची एक चपटी नळी. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसं वर ढकलणारी पट्टी, खाली तळपट्टी आणि वरच्या तोंडाला आत वळवलेल्या दोन कडा. या कडांना आमच्याकडचे जाणकार ओठ म्हणतात. काडतूस कुठल्या कोनात आणि किती उंचीवर चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडाशी जाईल, हे सगळं या ओठांवर ठरतं. ओठ दाभणाच्या टोकाएवढा जरी वाकला, तरी काडतूस तिरपं चढतं आणि अडकतं. पिस्तूल कितीही नावाजलेल्या कारखान्याचं असो, त्याची भिस्त या पत्र्यावर असते.

आमच्याकडचं पिस्तूल वाल्थर कंपनीचं पीपी मॉडेल, बत्तीस बोअर. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी ते नागपुरातल्या एका परवानाधारक दुकानातून घेतलं, तेव्हाच ते वापरलेलं होतं. बाबा हिंगणघाटच्या बाजारात कापसाचे अडते. हंगामात रोकड घेऊन संध्याकाळचं गावी यावं लागायचं, रस्त्यात नाले, पळसाचं रान, आणि गाडी बंद पडली तर सोबतीला कोणी नाही. परवान्याच्या अर्जात त्यांनी हेच कारण लिहिलं होतं. इतक्या वर्षांत पिस्तूल एकदाही कोणावर रोखायची वेळ आली नाही, हे ते आजही समाधानाने सांगतात.

पीपी हे मॉडेल १९२९ साली जर्मनीतल्या झेला-मेहलिस गावच्या कारखान्यात निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग रशियाच्या ताब्यात गेला, वाल्थर कुटुंब पश्चिमेकडे उल्म शहरात आलं, आणि १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या मॅन्युरिन कंपनीने परवान्याखाली हेच पिस्तूल बनवायला घेतलं. त्यामुळे एकाच मॉडेलची झेला-मेहलिसची, फ्रान्सची आणि उल्मची अशी पिस्तुलं आपल्याकडच्या कपाटांत आहेत. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात थांबली. तेव्हापासून भारतात जेवढी होती, तीच हातोहात फिरतात. पिस्तुलं टिकली. मॅगझिनं मात्र कमी कमी होत गेली.

बाबा सत्तरीच्या पुढे गेले आणि त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा पिस्तूल माझ्या नावावर करायचं ठरलं. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की त्याच्या हयातीतच वारस अर्ज करू शकतो. पोलीस चौकशी, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या हे सगळं रीतसर पार पडलं. गावात चर्चा झाली, पोरीच्या नावावर पिस्तूल कायले म्हणून. बाबांनी एकच उत्तर दिलं, "शेती पोरगी पाहते, मंग कपाट कोण पाहीन?"

पण नावावर करण्याआधी त्यांनी अट घातली. पिस्तूल उघडून, पुसून, पुन्हा जोडता आलं पाहिजे. शिकवायला आले शेजारचे हवालदारकाका. लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटच्या कामठी सेंटरमधून त्यांची नोकरी सुरू झाली होती. आता ते तूर आणि संत्री करतात, तरी शस्त्र समोर आलं की त्यांची पाठ ताठ होते. त्यांच्या भाषेत याला 'खोलना-जोडना' म्हणतात. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर जुनं धोतर, पोरं सोरं बाहेर, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत कुलुपात, आणि पिस्तुलाचं तोंड मातीच्या जाड भिंतीकडे. एवढं झाल्याशिवाय त्यांनी हात लावू दिला नाही.

पहिला धडा सगळ्यात मोठा होता. आधी मॅगझिन काढायचं, मग चेंबर पाहायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असतानाच स्लाइड, नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, ओढली, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड परत जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत नेऊन ठेवते. माणूस समजतो पिस्तूल खाली झालं, आणि ते भरलेलं असतं. आणि पीपीला मॅगझिन काढल्यावर ट्रिगर बंद करणारी काही योजना नाही. मॅगझिन बाहेर असलं तरी चेंबरमधलं काडतूस सुटू शकतं. काका म्हणाले, "मॅगझिन काहाडलं म्हणजे पिस्तूल खाली झालं असं समजते ना, तो माणूस भल्ला धोक्याचा." वर्तमानपत्रात परवान्याचं पिस्तूल साफ करताना गोळी सुटल्याची बातमी वाचते, तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

पीपीच्या मागच्या घोड्याच्या, म्हणजे हॅमरच्या, वर एक बारीक पिन आहे. चेंबरमध्ये काडतूस असलं की ती जराशी बाहेर येते आणि अंधारातही बोटाला लागते. युक्ती चांगली, पण काकांनी तिच्यावर विसंबू दिलं नाही. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, मग करंगळीचं टोक घालून पाहायचं. जुन्या तेलाच्या चिकट्याने ती पिन अडकू शकते.

आता उघडणं. पीपीत यासाठी वेगळा खटका नाही, ट्रिगर गार्डच, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडीच, किल्लीचं काम करतो. त्याचं पुढचं टोक खाली ओढलं की ते सांगाड्यातून सुटतं, आणि किंचित बाजूला दाबलं की कडेला टेकून खालीच राहतं. गार्डच्या आतल्या बाजूला एक उंचवटा आहे. तो एरवी स्लाइडला जास्त मागे येऊ देत नाही. गार्ड खाली आला की ती वाट मोकळी होते. मग स्लाइड पूर्ण मागे ओढायची, मागचं टोक वर उचलायचं आणि हळूहळू पुढे सोडत नळीवरून काढून घ्यायची. हात सैल सोडला तर नळीभोवतीची स्प्रिंग उसळून थेट कोनाड्यात जाते, म्हणून तळहात पुढे धरायचा. नळी सांगाड्यातच पक्की बसवलेली असते, ती निघत नाही. स्लाइड, स्प्रिंग, सांगाडा आणि मॅगझिन, एवढे चार तुकडे धोतरावर मांडले की काम झालं. यापुढे स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, ते परवानाधारक कारागिराचं काम. स्प्रिंगचं एक तोंड जरा आवळ असतं. काढतानाच कुठलं टोक कुठे होतं ते पाहून ठेवायचं.

आत काय निघालं ते मी विसरणार नाही. स्लाइडच्या खाचांत काळ्या मातीची पिठासारखी धूळ, आणि काडतुसाचं रिकामं कवच ओढून काढणाऱ्या आकड्याखाली रुईचे तंतू, तेलात भिजून पिवळे पडलेले. बाबांनी ते कमरेला लावून जिनिंगच्या आवारात हंगामामागून हंगाम काढले होते, तिथली रुई आत जाऊन बसली होती. कधीतरी कोणीतरी खोबरेल तेलही लावलं असावं, कारण कोपऱ्यांत तपकिरी चिकट थर होता. खोबरेल थिजतं, घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं. शस्त्राचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल त्यापेक्षा बरं, तेही थेंबभर. काकांनी फुलतरू मारला, म्हणजे दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढली, चिंदी पांढरी निघेपर्यंत. मग नळी उजेडाकडे धरून मला आत पाहायला लावलं. गोळीला फिरकी देणारे आतले पेच अजून धारदार होते. मागे खुर्चीवर बसलेल्या बाबांनी विचारलं, "गेली नाई ना नळी?" त्या प्रश्नात काळजी होती, आणि थोडी शरमही, इतकी वर्षं न उघडल्याची.

ही शरम एकट्या बाबांची नाही. आमच्या भागात परवान्याची शस्त्रं असलेली घरं बरीच आहेत. मालगुजारांच्या वाड्यात एकनळी, शेतरक्षणासाठी बाराबोअर, व्यापाऱ्याकडे बत्तीस बोअर. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. पण घरातल्या किती जणांना ते खाली आहे की भरलेलं, हे बघून सांगता येईल? पूजा होते आणि तपासणी होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शस्त्राची भीती वाटणं ठीकच आहे. पण ती न उघडण्याचं कारण होऊ नये.

आता मॅगझिनकडे येते. बाबांच्या पिस्तुलासोबत दोन होती. २०२४च्या लोकसभेच्या वेळी, वर्ध्याचं मतदान २६ एप्रिलला होतं त्याआधी, शस्त्र जमा करायचा आदेश आला. जमा केलं. पावतीवर लिहून मिळालं 'पिस्तूल, एक नग'. निवडणूक झाल्यावर परत आणलं तेव्हा एकच मॅगझिन होतं, आणि त्याचाही डावा ओठ आत दबलेला. दुसऱ्याची नोंदच नव्हती, मग मागणार कशाच्या आधारावर? ज्यांनी परत दिलं त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. तिच्यातही तेच तीन शब्द.

इथून शोध सुरू झाला. गावातल्या एका भल्या माणसाने लेथवाल्याचं नाव सुचवलं, पत्रा वाकवून हुबेहूब करून देतो म्हणे. अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, इटलीच्या मेक-गारचं नवीन मिळतं इथे, बॅगेत टाकून आणतो." दोघांनाही मी नाही म्हटलं. १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. बॅगेतून आलेलं मॅगझिन विमानतळावर सापडलं तर भाच्याचं आयुष्य धुळीला मिळेल, आणि नाही सापडलं तर माझ्या घरात बेहिशेबी वस्तू येईल. लेथवाल्याच्या पत्र्याला ना योग्य पोलाद, ना योग्य कोन. जे बनवायला कायद्याने परवाना लागतो, ते शेडमध्ये बनवून घ्यायचं कारण मला तरी सापडलं नाही.

सेवाग्राम आमच्यापासून तासाभरावर. १९३६पासून बापू तिथे राहिले. ३० जानेवारी १९४८ला त्यांच्यावर झाडलं गेलं ते बेरेटाचं १९३४ मॉडेलचं पिस्तूल होतं, सेमी ऑटोमॅटिक आणि वापरलेलं, कोणाकोणाच्या हातून फिरत आलेलं. या जिल्ह्यात राहून पिस्तुलाबद्दल लिहिताना ते माझ्या मनातून जात नाही. म्हणूनच वापरलेल्या शस्त्राची साखळी कुठेही तुटू नये, असं मला वाटतं. कोणाकडून आलं, कोणाकडे गेलं, सोबत काय होतं, याची कागदावर सलग ओळ हवी, आणि ज्याच्या हातात आहे त्याला ते उघडून खाली करता यावं. कागद आणि हात, दोन्ही. मॅगझिनसारख्या बारक्या भागापाशी ही ओळ सगळ्यात सहज तुटते.

तेव्हा परवाना, पिस्तूल आणि वाकलेलं मॅगझिन घेऊन मी परवानाधारक दुकानांच्या पायऱ्या चढले. नागपुरात बहुतेकांनी मान हलवली, "पीपीचं भेटत नाही जी आता." एकाने पीपीकेचं पुढे केलं. पीपीके म्हणजे याचाच आखूड भाऊ. त्यात सात काडतुसं बसतात, पीपीत आठ. त्यामुळे ते उंचीला कमी पडतं. दुसऱ्याकडे पीपीचंच होतं, पण तीनशे ऐंशी बोअरचं. दिसायला जवळजवळ तसंच, म्हणून तळपट्टीवरचा ठसा वाचायचा. आपल्याला हवा तो ७.६५ मिलिमीटरचा. बत्तीस बोअर आणि ७.६५ ही एकाच मापाची दोन नावं आहेत. परवान्यावर एक आणि पिस्तुलावर दुसरं पाहून तपासणाऱ्यांचाही गोंधळ उडतो, म्हणून दोन्ही लिहिलेला कागद मी परवान्यातच ठेवते.

काडतुसांचंही तसंच. नुसतं बत्तीसचं द्या म्हटलं तर दुकानदाराने विचारलं पाहिजे, पिस्तुलाचं की रिव्हॉल्व्हरचं. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि रुंद कडेचं, ते पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसतच नाही. पिस्तुलाचं आखूड काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी आखलं. आपल्याकडे ते पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतं. त्याच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरं त्या कारखान्याची. या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा केसभर बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे गेली तर दोघं एकमेकांत अडकतात, वरचं पुढे सरकतच नाही, आणि मॅगझिन पूर्ण रिकामं केल्याशिवाय सुटत नाही. बाबांचं पिस्तूल खराब झालं असं आम्ही कितीतरी वर्षं समजत होतो, त्यातला बराच भाग या भरण्याचा होता.

शेवटी मिळालं ते अमरावतीत. दुकान जुनं, मालक त्याहून जुने. माझं मॅगझिन हातात घेऊन त्यांनी ओठांवरून अंगठा फिरवला, काही न बोलता आत गेले आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात मॅगझिनंच मॅगझिनं होती. वेब्लीची, ब्राउनिंगची, कोल्टची, काही तळ नसलेली, काहींत स्प्रिंगऐवजी गंज. कितीतरी पिस्तुलांचे मालक वारले, वारस आले नाहीत, सुरक्षित ठेव म्हणून दिलेली शस्त्रं तशीच पडून राहिली, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. तळाशी मेणकागदात गुंडाळलेलं एक निघालं. तळपट्टीवर वाल्थरचं फितीच्या आकाराचं चिन्ह आणि खाली ७.६५.

त्यांनी ते तपासलं तसं मी आता प्रत्येकाला तपासायला सांगते. पट्टी बोटाने तळापर्यंत दाबून सोडली, ती न तिरपता वर आली. ओठ दोन्ही बाजूंनी डोळ्यांसमोर धरून सारखे आहेत का पाहिले. मग रिकाम्या पिस्तुलात रिकामं मॅगझिन घालून स्लाइड मागे ओढली, आणि ती मागेच थांबली. शेवटचं काडतूस संपलं की पीपीची स्लाइड उघडी राहते, आणि तिला थांबवायला मॅगझिनमधलीच पट्टी लागते. पट्टी झिजली किंवा स्प्रिंग मेली असेल तर ती थांबत नाही. त्यानंतर पितळी डमी काडतुसं भरून एकेक चढवून बाहेर काढली. दर्जेदार वस्तूचा तो खट् आवाज ऐकून मालक पहिल्यांदा हसले. परवान्याचा क्रमांक टाकून पावती केली, तिच्यावर माझ्या सांगण्यावरून 'मॅगझिन, वाल्थर पीपी, ७.६५, एक नग' असं सगळं लिहिलं. पुढे रेंजवर आठही काडतुसं न अडखळता गेली.

एक गोष्ट शेजारच्या शेतकऱ्यांना वारंवार सांगावी लागते. हे पिस्तूल रानडुकरासाठी नाही. डुकरांनी तुरीचं आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभऱ्याचं काय होतं, ते मीही दर वर्षी पाहते. पण बत्तीस बोअरने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उलटतं, आणि परवानगीशिवाय वन्यप्राणी मारणं हा गुन्हा आहे तो आहेच. दुसरी गोष्ट कुलुपाची. पिस्तूल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे. आमची एक किल्ली वहिनीकडे असते. कापसाच्या या मुलखात कुठल्या वर्षी कोणाच्या घरात कसे दिवस येतील, सांगता येत नाही. त्या दिवसांत हाताशी काही सहज लागू नये, म्हणून दोन किल्ल्या. चोरापेक्षा मला याची काळजी जास्त.

दबलेल्या ओठाचं जुनं मॅगझिन त्या अमरावतीच्या मालकांच्या ओळखीच्या परवानाधारक कारागिराकडे दिलं आहे, पावती घेऊन. नीट होईल असं त्यांना वाटतं, पण पोलाद थकलेलं असेल तर ओठ सरळ करताना तुटेल, हेही त्यांनी आधीच सांगितलं. तोवर मुठीच्या डाव्या पट्टीचं पाहायचं आहे. तिच्या मागून स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत एक चीर गेली आहे, आणि दर वेळी स्क्रू आवळताना ती थोडी पुढे सरकते. बाबा म्हणतात पट्टी शिसवीची करून घे. मला मात्र मूळचीच हवी आहे. दिवाळीनंतर कापूस विकून झाला की पुन्हा अमरावतीला जाईन, तेव्हा त्यांच्याकडे दुसरा डबा आहे का ते विचारीन.